बुरुज गोल का असतो, आणि विजापूरचा उपली बुरुज इतका उंच का?

विजापूरच्या पश्चिम भागात, जुन्या तटाच्या थोडं आत, एक बुरुज एकटाच उभा आहे. त्याचं नाव उपली बुरुज. उंची साधारण ८० फूट, म्हणजे सात-आठ मजली इमारतीएवढी. दगडी पायऱ्या बाहेरच्या अंगाने त्याला वेढत वर जातात. माझ्या भाचीला घेऊन मी तो चढले. वर पोहोचलो तेव्हा दोघींनाही धाप लागली होती. ती कठड्याला टेकली, चौफेर नजर फिरवली आणि म्हणाली, "मावशी, इथून पहारा द्यायचे ना?"

मी "हो" म्हणाले, पण मनाला ते पटलं नाही. पहाऱ्यासाठी एवढा दगड कोण रचेल? त्याला लाकडी माचण पुरतं, नाहीतर गावातली एखादी उंच मशीद किंवा गढी. त्या माथ्यावर आमच्या पायांशी दोन लोखंडी तोफा पडल्या होत्या. त्यातली एक ३० फूट ८ इंच लांब. तिच्या कडेने चालत गेलं तर बारा-तेरा पावलं लागतात. बुरुज बांधला तो या तोफांसाठी. तोफेचा हा गाडाच म्हणायचा, दगडाचा आणि जागेवरून न हलणारा. त्या नजरेने पाहिलं की बुरुजाचा गोलपणा, उंची, जाडी आणि जागा, सगळ्याचा अर्थ लागायला लागतो. खाली उतरताना भाचीला जे सांगितलं, तेच इथे सवडीने सांगते.

तटाच्या पायथ्याशी असलेली आंधळी जागा

सुरुवात तोफेच्या आधीच्या काळापासून करू. चौथ्या मजल्यावरच्या गच्चीच्या मधोमध उभं राहा. समोरचा रस्ता दिसतो, पलीकडची झाडं दिसतात, पण भिंतीला खेटून लावलेली स्कूटर दिसत नाही. ती बघायची तर कठड्यावरून अर्धं अंग बाहेर काढून वाकावं लागतं. युद्धात असं वाकणाऱ्याला खालून बाण लागतो. म्हणजे नुसती सरळ भिंत बांधली तर शत्रूसाठी सगळ्यात सुरक्षित जागा भिंतीच्या पायथ्याशीच. तिथे पोहोचला की तो निवांत शिड्या लावू शकतो, पहारीने दगड उचकटू शकतो किंवा खाली सुरुंग खोदू शकतो.

आता त्याच इमारतीच्या कोपऱ्यावर बाहेर आलेली बाल्कनी आहे असं समजा. त्या बाल्कनीत उभं राहून बाजूला पाहिलं की अख्खी भिंत वरपासून खालपर्यंत दिसते, स्कूटरसकट. बुरुज म्हणजे ही बाल्कनी. तट सरळ जातो आणि ठरावीक अंतराने बुरुज त्यातून पोट काढल्यासारखा बाहेर येतो. बुरुजावरच्या माणसाने मारा करायचा तो समोर कमी आणि आजूबाजूला जास्त, शेजारच्या तटाच्या पायथ्याशी भिडलेल्या शत्रूवर. एका बुरुजाची पाठराखण दुसरा बुरुज करतो. तटावरचा एकटा बुरुज जवळपास निरुपयोगी. त्याची ताकद त्याच्या शेजाऱ्यांत असते.

विजापूरचा तट साधारण १० किलोमीटर लांबीचा आहे आणि त्यावर ९६ बुरुज होते असं सांगितलं जातं. भागाकार केला तर दर शंभरेक मीटरवर एक बुरुज येतो. दोन बुरुजांच्या बरोबर मध्ये भिंतीला चिकटलेला शत्रू दोन्हींपासून पन्नासेक मीटरवर असतो, म्हणजे तोड्याच्या (वातीने पेटवायच्या) बंदुकीच्या आणि धनुष्याच्या आरामात टप्प्यात. सगळीकडे अंतर सारखं नाही, ही सरासरी झाली. पण ती पाहिली की बुरुज हौसेने किंवा शोभेसाठी बसवलेले नव्हते हे कळतं.

गोलाकाराची दोन कारणं. चौकोनी बुरुजाचा कोपरा हा त्याचा दुबळा भाग. कोपऱ्याचे दगड दोन बाजूंनी उघडे असतात, पहारीला लवकर दाद देतात. गोल बुरुजाला कोपराच नाही, कमानीतल्या दगडांसारखे सगळे दगड एकमेकांना दाबून धरतात. दुसरं कारण गोळ्याचं. सपाट भिंतीवर गोळा काटकोनात आदळला तर सगळा जोर भिंतीला सोसावा लागतो. वळणदार भिंतीवर तो बऱ्याचदा तिरका बसतो आणि घसरून जातो.

तोफ आली आणि भिंतीचं गणित बदललं

विजापूरचा हा तट अली आदिलशाह पहिला याने बांधवला. चांदबीबीचा हा नवरा. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत दख्खनच्या सुलतानांनी एकत्र येऊन विजयनगरचा पराभव केला. त्यानंतर हाती आलेल्या अफाट संपत्तीतून राजधानीभोवती हे काम झालं. तोपर्यंत दख्खनमध्ये तोफा चांगल्याच रुळल्या होत्या, त्यामुळे हा तट पहिल्यापासूनच तोफ गृहीत धरून बांधलेला आहे.

म्हणजे काय केलं? नुसता दगड रचला नाही. बाहेर एक दगडी भिंत, आत एक दगडी भिंत, आणि दोहोंच्या मध्ये माती ठासून भरली. एकूण जाडी सरासरी २० फुटांच्या घरात. कारण समजायला सोपं आहे. विटेच्या भिंतीवर हातोडा मारला तर वीट फुटते. तोच हातोडा वाळूच्या पोत्यावर मारा, पोतं नुसतं दबतं. माती गोळ्याचा जोर पिऊन टाकते. शिवाय वीस फूट रुंदीचा माथा मिळाला की त्यावर फरसबंदी करून फांजी तयार होते. तटावरून चालायची ही वाट, आणि विजापूरची फांजी इतकी ऐसपैस की तोफेची ने-आण वरच्या वर करता यावी. बाहेरच्या कडेला चर्या, म्हणजे तटाच्या माथ्यावरचे दाते, चर्यांमध्ये जंग्या, म्हणजे बंदुकीची नळी बाहेर काढायची तिरकी भोकं. तटाबाहेर ४०-५० फूट रुंदीचा खंदक.

हे काम एका ठेकेदाराचं नव्हे. तटाचे तुकडे पाडून दरबारातल्या वेगवेगळ्या सरदारांवर सोपवले गेले, असं परंपरेने सांगतात. तटाच्या कडेने पायी फिरलं की हे खरं वाटतं. कुठे दगड सुबक घडवलेले आणि सांधे बारीक, तर कुठे घाईघाईने उरकल्यासारखं काम. कुणी मनापासून केलं आणि कुणी अंगावरचं ढकललं, हे साडेचारशे वर्षांनंतरही भिंतीवर वाचता येतं. मला विजापुरात गोलघुमटापेक्षा ही भिंत जास्त बोलकी वाटते.

याच वाटपात उपली बुरुजाची गोष्ट आहे. हैदर खान नावाचा सरदार त्या वेळी मोहिमेवर होता, म्हणून तटाच्या बांधकामातला त्याचा वाटा राहून गेला. परत आल्यावर त्याला ते लागलं, आणि मग त्याने सगळ्यांवर कडी करणारा बुरुज उभारला, अशी आख्यायिका आहे. बुरुजावर फारसी शिलालेख आहे आणि बांधकामाचं वर्ष १५८४ च्या आसपासचं निघतं. तोवर अली आदिलशाह जाऊन चार वर्षं झाली होती आणि गादीवर इब्राहिम आदिलशाह दुसरा हा जेमतेम तेरा-चौदा वर्षांचा मुलगा होता. म्हणून याला हैदर बुरुजही म्हणतात. "उपली" म्हणजे दख्खनी बोलीत वरची, उंचावरची. आपल्या "वरली आळी" मधल्या "वरली"सारखाच शब्द.

आख्यायिका गोड आहे. पण रुसवा काढायला कुणी ८० फूट दगड चढवत नाही. बुरुजाची जागा पाहिली की हैदर खानाला किंवा त्याच्या कारागिरांना युद्धाचं चांगलं ज्ञान होतं हे दिसतं. हा बुरुज तटावर नाही, तटाच्या आत आहे, आणि तोही त्या बाजूच्या उंचवट्यावर. ही निवड मुद्दाम केलेली आहे.

उंचीने तोफेला काय मिळतं

तीन गोष्टी मिळतात, आणि तिन्हींचं वजन सारखं नाही.

पहिली म्हणजे नजर. सपाट माळावर ३० फूट उंचीच्या तटावरून क्षितिज साधारण ११ किलोमीटरवर असतं. ८० फुटांवरून ते १७ किलोमीटरच्या पुढे जातं. विजापूरभोवती डोंगर नाहीत, लांबच लांब पठार आहे. फौज येते तेव्हा धुरळा आधी दिसतो. अर्ध्या दिवसाची आगाऊ खबर मिळाली तर वेशी बंद होतात, गुरं आत घेता येतात, बाहेरच्या विहिरींचा बंदोबस्त होतो. भाचीचा पहारा तो हाच, तेवढा तिचा मुद्दा बरोबर.

दुसरी म्हणजे पल्ला. तोफ अगदी आडवी धरून डागली तर गोळा सुटल्या क्षणापासून खाली पडू लागतो. हवेचा विरोध बाजूला ठेवला तर ३० फुटांवरून जमिनीला टेकायला त्याला सुमारे १.४ सेकंद लागतात, आणि ८० फुटांवरून सुमारे २.२ सेकंद. ऐकायला फरक क्षुल्लक वाटतो. पण गोळा सेकंदाला ३०० मीटर जात असेल तर तेवढ्या वेळात तो आणखी सुमारे अडीचशे मीटर पुढे जातो. शत्रूने आपल्या तोफा जिथे सुरक्षित समजून मांडल्या, तिथे तुमचा गोळा पोहोचतो आणि त्याचा तुमच्यापर्यंत येत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वेढा घालणारी फौज उघड्यावर उभी राहत नाही. ती चर खोदते, मातीचे बांध घालते, बांधाआडून चर पुढे सरकवत तटाकडे येते. याला मोर्चे बांधणं म्हणतात. तटावरून सपाट मारलेला गोळा त्या बांधात रुतून बसतो, आतल्या माणसाच्या केसालाही धक्का लागत नाही. उंचावरून पाहिलं तर मात्र चराच्या आत दिसतं. शेतातल्या पाटात बसलेला बेडूक बांधावरून दिसत नाही, झाडावरून दिसतो. उपली बुरुज आपल्याच तटाच्या डोक्यावरून पलीकडे पाहतो आणि मारा करतो. तटावरच्या तोफा आणि बुरुजावरच्या तोफा एकाच दिशेला, एकाच वेळी, एकमेकींना अडथळा न होता डागता येतात. वर उंचवटा आणि खाली तट, अशी दुमजली मांडणी झाली.

वेढा घालणाऱ्यांनाही हे माहीत होतं. म्हणून तेही मातीचे उंच ढीग रचून त्यांवर तोफा चढवायचे, त्याला दमदमा म्हणतात. उपली बुरुज हा शहराचा कायमचा, दगडी दमदमा आहे.

एक दोषही होता आणि तो सांगायला हवा. उंच वस्तू लांबून दिसते, म्हणून तिच्यावर नेम धरणं सोपं जातं. त्याच शतकात युरोपात तोफेच्या भीतीने भिंती खाली येत होत्या, जमिनीलगत बसणारे टोकदार बुरुज निघाले होते. वसईचा किल्ला पाहिला असेल तर तिथल्या बुरुजांना बाणाच्या टोकासारखे कोन आहेत. पोर्तुगिजांनी ती पद्धत आपल्या किनाऱ्यावर आणली. गोल बुरुजाच्या अगदी नाकासमोर एक लहान तुकडा असा उरतो, जिथे शेजारच्या बुरुजावरून मारलेली गोळी पोहोचत नाही. टोकदार बुरुजात तो तुकडा उरत नाही. दख्खनने ती वाट धरली नाही. इथल्या लोकांनी तोफ फिरती केली.

फिरणारी तोफ

तोफ म्हटलं की आपल्याला दोन चाकांचा गाडा आठवतो. अशी तोफ डागली की मागे धडपडत जाते. मग ती ओढून पुढे आणायची, पुन्हा नेम धरायचा. दिशा बदलायची तर अख्खा गाडा उचलून फिरवायचा. ३० फुटांच्या तोफेसाठी हे अशक्यच.

दख्खनच्या बुरुजांवर म्हणून वेगळी सोय असते. बुरुजाच्या माथ्यावर गोल चौथरा, त्याच्या मधोमध दगडात भोक. त्या भोकात लोखंडी खुंटा बसतो. खुंट्याचं वरचं टोक बेचकीसारखं दुभंगलेलं असतं आणि त्या बेचकीत तोफेचे दोन कान अडकतात. पाळण्यासारखी तोफ वर-खाली होते आणि जात्याच्या पाळीसारखी खुंट्याभोवती गोल फिरते. मागे अर्धवर्तुळाकार दगडी बांध. तोफ मागे रेटली की धक्का त्या बांधाला आणि तिथून सगळ्या बुरुजाला. बुरुजातली हजारो मण माती आणि दगड त्या धक्क्याचं ओझं उचलतात. म्हणून मी बुरुजाला तोफेचा गाडा म्हणते. जात्याला जशी खालची तळी, तसा तोफेला बुरुज. खालची तळी हलली तर पीठ पडत नाही.

आता बुरुज गोल असण्याचं तिसरं कारणही लक्षात येईल. फिरणाऱ्या तोफेला गोल ओटा लागतो.

उपली बुरुजावरच्या त्या लांब तोफेला लांबछडी म्हणतात. छडीसारखी लांब, म्हणून. दुसरी तोफ जवळपास २० फुटांची आहे. लांबछडीजवळ उकिडवं बसून पाहिलं तर तिच्या अंगावर बांगड्यांसारखी कडी एकाला एक लागून बसवलेली दिसतात. आपल्याकडे दुर्गप्रेमी याला बांगडी तोफ म्हणतात ते यामुळेच. ही ओतीव नाही, घडीव आहे. आधी लोखंडाच्या लांब पट्ट्या पिंपाच्या फळ्यांसारख्या उभ्या जोडून नळी करायची. मग एकेक कडं तापवून लाल करायचं. तापलं की ते फुगतं, तशातच नळीवर सरकवायचं. थंड झालं की ते आवळतं आणि पट्ट्यांना करकचून धरतं. बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव चढवताना ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. तेच तंत्र, फक्त शेकडो कड्यांचं आणि ३० फुटांचं.

तोफ इतकी लांब का? दारू पेटली की वायू गोळ्याला ढकलतात, आणि नळी लांब असली की तो ढकलण्याचा वेळ वाढतो. गोळा जास्त वेगाने बाहेर पडतो. अर्थात याला मर्यादा आहे. एका लांबीनंतर घर्षण वाढतं आणि फायदा उरत नाही. लांबछडीचं तोंड १२ इंचांचं, म्हणजे लांबी तोंडाच्या तीसपट. तिने त्या मर्यादेपलीकडे मजल मारली असावी असं माझं मत आहे. पण उद्देश स्पष्ट आहे. ही लांब पल्ल्याची, नेमाची तोफ, आणि तिला मुद्दाम उंच जागा दिली आहे.

बुरुजाच्या माथ्यावर दारू ठेवायच्या कोठड्या आणि पाण्याची टाकीही आहे. पाणी नुसतं पिण्यासाठी नसतं. तोफ डागल्यावर नळीत जळक्या दारूची राख आणि ठिणग्या राहतात. त्यावर नवीन दारू ओतली तर ती गोलंदाजाच्या हातातच भडकते. म्हणून दर खेपेला ओल्या बोळ्याने नळी आतून पुसायची. ८० फुटांवर हे पाणी घागरीने वाहत बसायला वेढ्यात कुणाला वेळ आहे?

दुसरा बुरुज, दुसरी तोफ

उपली बुरुजापासून फार दूर नाही, पश्चिमेच्याच तटावर शर्झा बुरुज आहे. शर्झा हे फारसीत चवताळलेल्या सिंहाचं विशेषण. बुरुजावर दगडात सिंह कोरले आहेत, त्यावरून हे नाव. हा बुरुज अली आदिलशाह दुसरा याच्या काळातला, म्हणजे ज्याच्या दरबारातून अफझलखान निघाला त्याच्या. पाच महिन्यांत बांधून पुरा केल्याचं त्यावरच्या शिलालेखात म्हटलं आहे. हा उंच नाही, रुंद आणि बसका आहे. कारण त्यावर बसायची होती मलिक-ए-मैदान.

ही तोफ मूळची आपल्या अहमदनगरची. १५४९ मध्ये बुऱ्हाण निजामशाहासाठी रूमी कारागिराने ती नगरला ओतली. रूमी म्हणजे तुर्कस्तानच्या बाजूचा. घंटेच्या धातूची आहे, सुमारे ऐंशी टक्के तांबं आणि बाकी कथील. बोटाच्या पेराने वाजवली तरी घणघणते. लांबी १४ फूट ४ इंच, तोंडाचं भोक २ फूट ४ इंच, वजन ५५ टन. लांबछडीशी तुलना करा. तिची लांबी तोंडाच्या तीसपट, हिची जेमतेम सहापट. एक काठी, दुसरी उखळ. या भोकात मावणारा दगडी गोळा केला तर तो साडेचारशे-पाचशे किलोचा भरेल. तालिकोटच्या लढाईत हिच्यात तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या भरून जवळ आलेल्या सैन्यावर मारा केला, असं सांगतात. बंदुकीत छर्रे भरतात तसा प्रकार. म्हणजे ही जवळच्या गर्दीवर चालवायची तोफ, आणि म्हणून ती आत उंचावर न ठेवता थेट तटावर.

नगरहून ती परांड्याच्या किल्ल्यात गेली. परांडा आदिलशाहीकडे आल्यावर १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने ती विजापूरला आणली. ५५ टन धातू, कच्चे रस्ते आणि मध्ये भीमा. दहा हत्ती आणि चारशे बैल लागले असं सांगतात, आणि तिच्या जोडीची कडक बिजली नावाची तोफ वाटेत नदीत बुडाली अशीही आठवण आहे.

तोफेचं तोंड जवळून पाहा. जबडा पसरलेल्या सिंहाच्या डोक्यासारखं ते घडवलं आहे आणि दोन्ही बाजूंना दातांच्या फटीत एकेक हत्ती चिरडला जातो आहे. हत्ती इतका लहान की आधी लक्षातच येत नाही. तळहात ठेवला तर झाकला जातो. युद्धात समोरच्याला हे दिसणार नव्हतं. ज्याने केलं त्याने तोफेवरच्या मायेने केलं.

आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या नळदुर्गात हीच आदिलशाही समज वेगळ्या जागी भेटते. तिथेही एक उंच उपळी बुरुज आहे, त्यावरही लांब तोफा आहेत, आणि तिथूनही आपल्याच तटावरून पलीकडे पाहता येतं. विजापूर लांब वाटत असेल तर सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं नळदुर्ग आधी करा. उपळी बुरुज चढून झाल्यावर मुद्दाम खाली तटाकडे बघा, म्हणजे दुमजली माऱ्याचा अर्थ एका नजरेत कळतो.

मग शहर पडलं कसं?

भाचीचा शेवटचा प्रश्न हाच होता, आणि तो बरोबर होता.

भिंतीला भेदायचा जुना मार्ग म्हणजे सुरुंग. तोफेला दाद न देणाऱ्या बुरुजाखाली बोगदा खणायचा, दारू भरायची आणि बत्ती द्यायची. १५९६ मध्ये मुघलांनी अहमदनगरच्या तटाला असंच खिंडार पाडलं होतं. चांदबीबीने रातोरात ते बुजवून घेतलं. ही तीच चांदबीबी, जिच्या नवऱ्याने विजापूरचा तट बांधला. तट कसा उभा राहतो हे तिने सासरी जवळून पाहिलं असणार.

विजापूरवर मुघल पुन्हा पुन्हा आले. १६६५ च्या अखेरीस मिर्झाराजे जयसिंग आला तेव्हा विजापूरकरांनी शहराभोवतीचा मुलूख स्वतःच उजाड केला, विहिरी निकामी केल्या. मोठ्या तोफा बरोबर नसलेली ती फौज तटापर्यंत न येताच जानेवारीत मागे फिरली. १६७९ मध्ये दिलेरखानाने वेढा घातला तेव्हा कारभारी सिद्दी मसूदने शिवाजी महाराजांकडे मदत मागितली. महाराजांनी फौज आणि रसद धाडली, आणि स्वतः मुघल मुलखात शिरून जालना लुटलं. दिलेरखानाला वेढा उठवावा लागला. दोन्ही वेळा तट महत्त्वाचा होताच, पण निकाल लागला तो तटाबाहेरच्या रानात, दाण्यागोट्यावर.

एप्रिल १६८५ मध्ये सुरू झालेला औरंगजेबाचा वेढा मात्र उठला नाही. सतरा महिने चालला. आधी वेढा घालणाऱ्या शहाजादा आझमच्या छावणीतच उपासमार झाली, मग रसद आली आणि पारडं फिरलं. चर खंदकापर्यंत पोहोचले. शेवटी औरंगजेब स्वतः येऊन बसला. आतलं धान्य संपलं, वैरण संपली, बाहेरून मदत येईना. १२ सप्टेंबर १६८६ रोजी सिकंदर आदिलशाह शरण गेला. उपली बुरुजावरून मोर्चे दिसत होते, तोफा शाबूत होत्या, पण तोफ ओढणाऱ्या बैलाला आणि डागणाऱ्या माणसाला खायला लागतं, आणि ते बुरुजावर पिकत नाही.

जिंकल्यावर औरंगजेबाने मलिक-ए-मैदानवर स्वतःच्या विजयाचा लेख कोरून घेतला. पुढे १८५४ मध्ये इंग्रज अंमलात साताऱ्याहून हुकूम आला की विजापुरातल्या निरुपयोगी वस्तू विकून टाका. तोफेचा लिलाव पुकारला गेला. सर्वांत मोठी बोली आली दीडशे रुपयांची. एवढ्या कमी पैशांत आणि गावाचा तिच्यावर एवढा जीव असताना ती कशी द्यायची, असं एका अधिकाऱ्याला वाटलं आणि विक्री थांबली. त्याच्यामुळे ती अजून शर्झा बुरुजावर आहे, उन्हात तापते आणि वाजवली की घणघणते. भाचीने तिच्या कानाला कान लावून दोनदा वाजवून पाहिली.